१९०९,१२२४.१ : ऑनलाइन संग्रहालयातली नोंद वाचायची कशी

धारची, वाग्देवी म्हणजे सरस्वती म्हणून ओळखली जाणारी मूर्ती लंडनला आहे, हे इंदुरातल्या मराठी घरात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या आदेशावरून धारच्या भोजशाळेत, म्हणजे या मूर्तीशी जोडल्या जाणाऱ्या वादग्रस्त वास्तूत, पुरातत्त्व खात्याची पाहणी सुरू झाली आणि ती मूर्ती पुन्हा एकदा व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. कधी तिचाच फोटो, कधी भलत्याच एखाद्या सरस्वतीचा, आणि खाली चार ओळींचा ठाम मजकूर. खुद्द मूर्ती ज्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे त्याची नोंद मात्र कुणालाही, फुकट, खातं न उघडता वाचता येते. तिथपर्यंत फार थोडे जण पोचतात. जे पोचतात त्यातले बरेचसे फोटो बघून परत फिरतात, कारण खालचा रकान्यांचा मजकूर म्हणजे सरकारी फॉर्म वाटतो.

खरा माल त्या फॉर्ममध्येच असतो.

## नोंद म्हणजे वस्तूची रजिस्ट्री

घर घेताना आपण फक्त समोरचा रंग बघत नाही. रजिस्ट्री बघतो, नामांतरण झालंय का बघतो, आधीचा मालक कोण, त्याच्याकडे ते कुठून आलं हे विचारतो. संग्रहालयातल्या वस्तूची नोंद अगदी तशीच असते. वस्तू काय, कशाची, किती उंच, कुठे सापडली, कोणाकडून आली, कधी आली. शेवटच्या तीन गोष्टी मिळून जी मालकीची साखळी होते तिला तिकडे ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. आपण ‘साखळी’च म्हणू.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना दाखल क्रमांकाचा. लायब्ररीच्या पुस्तकावर असतो तोच प्रकार. धारच्या मूर्तीचा क्रमांक आहे १९०९,१२२४.१. फोड सोपी आहे: १९०९ साल, बारावा महिना, चोविसावी तारीख, त्या दिवशी चढवलेली पहिली वस्तू. म्हणजे ही मूर्ती २४ डिसेंबर १९०९ ला ब्रिटिश म्युझियमच्या वहीत चढली. ती ‘अमक्या साली संग्रहालयात गेली’ असं कुणी सांगितलं, तर ते तपासायला हा एक आकडा पुरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये क्रमांकाची सुरुवात सालानं होते. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये साल सहसा शेवटी, आडव्या रेघेनंतर येतं; तिथली सुरुवातीची ‘आयएस’ ही अक्षरं ‘इंडियन सेक्शन’ची. प्रत्येक दुकानाची पावती वेगळी, तसंच हे.

एक खबरदारी घ्या. वहीत चढण्याची तारीख म्हणजे सापडण्याची तारीख नव्हे. मधे वस्तू कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली असू शकते. त्यामुळे ‘सापडण्याचं ठिकाण’ हा रकाना वेगळा वाचायचा. तिथे नुसतं ‘सेंट्रल इंडिया’ असं लिहिलं असेल, तर समजावं की साखळीची पहिली कडी हरवलेली आहे.

आता मजकूर. नोंद मूर्तीला वाग्देवी म्हणत नाही, जैन यक्षी अंबिका म्हणते. मूर्तीच्या पीठावर संस्कृत लेख आहे, त्यात संवत १०९१ आहे. अभ्यासक हरिवल्लभ भायाणींनी १९८१ साली केलेल्या वाचनानुसार लेखाचा आशय असा: वररुचीनं आधी वाग्देवी घडवून घेतली, मग जिनांच्या म्हणजे जैन तीर्थंकरांच्या मूर्ती, आणि त्यानंतर ही अंबा, म्हणजे अंबिका. म्हणजे वाग्देवीचं नाव लेखात आहे खरं, पण ते आधी केलेल्या दुसऱ्या मूर्तीचं. १९२४ साली ही मूर्ती धारच्या परमार घराण्यातल्या भोजराजाची सरस्वती म्हणून एका छापील लेखातून प्रसिद्ध झाली आणि ती ओळख आपल्याकडे घट्ट बसली. आजही ती ओळख धरून चालणारे आहेत, आणि भोजशाळेच्या खटल्याचं काय करायचं ते न्यायालयाचं काम. पण हे वाचन पटलं नाही म्हणायचं असेल, तरी काय पटलं नाही ते सांगायला आधी पीठावरचा लेख वाचलेला हवा.

## ‘इंदूर’ टाकलं आणि बुलंदशहर निघालं

शोधपट्टीत गावाचं नाव टाकलं की उत्तर मिळतं हा समज इथेच मोडतो. कोरीव लेखांमध्ये ‘इंदूर’ शोधलंत तर सम्राट स्कंदगुप्ताचा ताम्रपट हमखास समोर येतो. गुप्त संवत १४६, म्हणजे इ. स. ४६५. वाचताना अंगावर मूठभर मांस चढतं: आपलं इंदूर दीड हजार वर्षांपूर्वीचं! ताम्रपटात गावाचं नाव ‘इंद्रपूर’ असल्यामुळे शंकेला जागाच उरत नाही.

पण सापडण्याचं ठिकाण बघा. हे इंदूर उत्तर प्रदेशात, बुलंदशहर जिल्ह्यात आहे. आपल्या इंदूरशी त्याचा नावापुरताच संबंध. शाळेच्या प्रोजेक्टात ही चूक सहज होते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण लेखाचं शीर्षकच ‘इंदूर ताम्रपट’ असं छापलेलं असतं.

ताम्रपट स्वतः मात्र सुंदर आहे. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणानं सूर्यमंदिरातल्या दिव्यासाठी देणगी दिली, आणि ती इंद्रपुरातल्या तेल्यांच्या श्रेणीकडे ठेवली. श्रेणी म्हणजे व्यावसायिकांची संघटना. त्या बदल्यात श्रेणीनं दिव्याला वजनानं दोन पळे तेल पुरवायचं, कायमचं. देवळाच्या नावानं मुदत ठेव ठेवावी आणि व्याजातून समई तेवावी, असा तो व्यवहार.

नावांचा गोंधळ दोन प्रकारचा असतो. एक, वेगळी गावं आणि नाव एकच. दुसरा, गाव एकच आणि स्पेलिंगं पाच. मंदसौर जुन्या पुस्तकांत ‘मंदसोर’ आहे, लेखांत ‘दशपुर’ आहे. मांडूच्या शेवटी कुठे यू असतो, कुठे दोन ओ. उज्जैनची सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत दोन ओंनी होते. माळव्याचं ‘मालवा’ही सापडेल, ‘मालव’ही. त्यात विद्वान मंडळी अक्षरांवर-खाली टिंबं-रेघा देतात, आणि स्कॅन केलेलं पुस्तक वाचणारा संगणक त्या टिंबांचा चिवडा करतो. म्हणून शोधताना टिंबं-रेघा सोडून द्या, एकेक स्पेलिंग वेगवेगळं टाकून बघा, आणि गावाबरोबर नदीचं किंवा जिल्ह्याचं नाव जोडा. नुसतं ‘महेश्वर’ टाकलं तर शंकराच्या मूर्तींचा ढीग येईल; ‘महेश्वर नर्मदा’ टाकलं की गाव येतं.

## कोणत्या साइटवर काय मिळतं

परदेशी संग्रहालयांच्या याद्या शोधायला सोप्या आहेत. भारतातल्या राष्ट्रीय पातळीवरच्या दहा संग्रहालयांसाठी ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे सरकारी पोर्टल आहे. त्यामागची ‘जतन’ नावाची प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं तयार केली. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग त्यात आहेत. इंदूरचं आणि ग्वाल्हेरचं त्या दहांत नाही. डिसेंबर २०१९ पासून असलेल्या ‘इंडियन कल्चर’ पोर्टलवर दुर्मीळ पुस्तकं आणि अहवालही मिळतात. देवळं आणि शिल्पांचे जुने, नीट नोंदवलेले फोटो हवे असतील तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा गुरुग्रामचा फोटोसंग्रह बघा. तो मला सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत उपयोगी वाटतो.

गूगल आर्ट्स अँड कल्चरबद्दल लोक सर्वांत जास्त ऐकून असतात. दालनातून ‘चालत’ फिरण्यासाठी आणि निवडक वस्तू अगदी जवळून बघण्यासाठी ते उत्तम आहे. पण ती शोकेस आहे, गोदामाची वही नाही. तिथे वस्तू सापडली नाही म्हणजे ती संग्रहालयात नाही, असं समजू नका.

आणि पुस्तकं? इंटरनेट अर्काइव्हवर. कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १८८८ साली छापलेला गुप्तकालीन लेखांचा खंड तिथे आहे. वरचा ताम्रपट त्यात सोळावा आणि मंदसौरच्या रेशीम विणकरांचा प्रसिद्ध लेख अठरावा. खंड मोठे असतात, पन्नास-शंभर एमबी सहज जातात, तेव्हा आधी ऑनलाइनच पानं उलटून हवं ते पान गाठावं आणि मगच उतरवून घ्यावं.

## संवतातून सन काढताना

मूर्तीवर किंवा लेखात सन नसतं, संवत असतो. विक्रम संवतातून ५७ वजा करा: १०९१ वजा ५७, १०३४. शकात ७८ मिळवा, गुप्त संवतात ३१९. इतकं बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते वर्षाच्या शेवटी.

मंदसौरचा लेखच घ्या. त्यात मालव संवत ५२९ आहे. मालव संवत म्हणजेच आपला विक्रम संवत. ५७ वजा केले तर ४७२ येतं. पण पुस्तकांत सगळीकडे ४७३ छापलेलं असतं. चूक कोणाची? कोणाचीच नाही. लेखात महिना ‘तपस्य’ दिला आहे, तपस्य म्हणजे फाल्गुन. फाल्गुनापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून ५६ वजा करायचे. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथ्यांना हा एक वर्षाचा फरक लागू होतो. शकातही तसंच, तिथे ७८ ऐवजी ७९ मिळवायचे.

## एका कोळशाची तीन वयं

लेख सापडतात ते अलीकडच्या काळाचे. त्यामागचा इतिहास मातीत असतो, आणि त्यासाठी वाचायचे ते उत्खननाचे अहवाल. आपल्यापासून नव्वद-एक किलोमीटरवर, महेश्वरसमोर नर्मदेच्या पलीकडच्या काठावर नावडाटोली आहे. १९५२-५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सहकार्यानं तिथे उत्खनन केलं. तांबं आणि दगडी हत्यारं एकाच वेळी वापरणारी ही शेतकऱ्यांची वस्ती. लालसर-नारिंगी भांड्यांवर काळ्या रंगानं नक्षी काढलेली. आधीच्या थरांत गहू, मग तांदूळ, शिवाय मसूर, मूग, उडीद, वाटाणा.

सगळ्या देशातल्या उत्खननांचा वर्षावार गोषवारा पुरातत्त्व खात्याच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात मिळतो. पहिला अंक १९५३-५४ चा. एखाद्या ठिकाणावर एखादाच परिच्छेद असतो, पण तो खोदणाऱ्यांनी त्याच सुमारास लिहिलेला असतो. बऱ्याच अंकांत आतली रचना राज्यांनुसार असते, आणि जुन्या अंकांत राज्यंही त्या काळची असतात. इंदूर १९५६ पर्यंत मध्य भारतात होतं. ‘मध्य प्रदेश’ शोधून हाती काही लागलं नाही, तर कारण हे असू शकतं.

या अहवालांत वय ‘बीपी’मध्ये दिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘आजपासून इतकी वर्षं आधी’, आणि हा ‘आज’ कायमचा १९५० ला बांधलेला आहे. हे वय कोळशातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढतात. झाड जिवंत असताना हा कार्बन हवेतून घेत राहतं, मेलं की घेणं थांबतं आणि आतला साठा ठरलेल्या वेगानं घटू लागतो. किती उरला ते मोजलं की किती काळ गेला ते कळतं. बंबातल्या पाण्याची पातळी बघून तोटी कधीपासून गळतेय ते ओळखावं, तसं.

समजा, अहवालात ३४५० बीपी लिहिलं आहे. सरळ १९५० वजा केले की इ. स. पू. १५०० येतं. पण घटण्याचा वेग जुन्या हिशोबात थोडा चुकला होता. अर्ध्यावर यायला ५५६८ वर्षं लागतात असं धरलं होतं, खरा आकडा ५७३० च्या आसपास आहे. त्यानं दुरुस्त केलं की वय सुमारे तीन टक्क्यांनी वाढतं आणि इ. स. पू. १६०० येतं. शिवाय हवेतला हा कार्बन दरवर्षी सारखाच नव्हता. झाडांच्या वर्षवलयांवरून तो फरक मोजून सुधारलं की आपण इ. स. पू. १७५० च्या आसपास पोचतो. कोळसा तोच, प्रयोगशाळेतलं मोजमाप तेच, आणि वयं तीन! नावडाटोलीसारख्या वस्त्यांच्या ‘माळवा संस्कृती’चा काळ एका साइटवर एक आणि दुसरीवर दोनशे वर्षांनी मागे दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. तिसऱ्या प्रकारच्या आकड्यापुढे ‘कॅल’ असं लिहिलेलं असतं. दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोन्हीकडचे ‘कॅल’ आकडेच घ्यायचे.

## फोटो मोठा करून बघताना

चांगल्या साइटवर फोटो मोठा केला तरी फाटत नाही, कारण तो एक फोटो नसतो. मूळ चित्राचे फरशीसारखे चौकोनी तुकडे केलेले असतात आणि तुम्ही जिथे बघता तेवढेच तुकडे नेटवरून येतात. फोनवर नकाशा उघडतो त्याच युक्तीनं. नेट मंद असेल तर आधी धूसर दिसतं. घाईनं स्क्रीनशॉट न घेता थोडं थांबावं.

स्क्रीन दोन ठिकाणी फसवतो. पहिलं, आकार. मोहेंजोदडोची नर्तकी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती जेमतेम १०.५ सेंटिमीटरची आहे, खिशातल्या बॉलपेनपेक्षाही बुटकी, हे मोजमापाचा रकाना वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. नाण्यांचंही तेच. उज्जयिनीची जुनी नाणी, अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं असलेली, पडद्यावर थाळीएवढी दिसतात. शेजारी आपलं दहा रुपयांचं नाणं ठेवून अंदाज घ्या. ते २७ मिलिमीटर आणि ७.७४ ग्रॅमचं असतं.

दुसरं, बाजू. जुन्या काचेच्या निगेटिव्ह कधीकधी उलट्या छापल्या जात, आणि मग डावा हात उजवा होतो. आयुध कोणत्या हातात यावर मूर्ती ओळखायची असेल, तर सगळंच बिघडतं. मूर्तीवर अक्षरं असतील तर ती आरशातल्यासारखी दिसतात का एवढं बघा.

## ‘एआयला विचारलं की झालं ना?’

अनोळखी शब्दाचा अर्थ विचारायला, इंग्रजी नोंद मराठीत समजून घ्यायला जरूर विचारा. ‘सगळं इंग्रजीत आहे’ ही अडचण आता फारशी उरलेली नाही. पण वस्तू कुठे आहे, क्रमांक काय, लेखात काय लिहिलंय, हे त्याच्या भरवशावर सोडू नका. तो अगदी खऱ्यासारखा दिसणारा दाखल क्रमांक रचून देऊ शकतो. कसोटी सोपी आहे: दिलेला क्रमांक त्या संग्रहालयाच्या शोधपट्टीत टाका. नोंद उघडली नाही, किंवा भलतीच वस्तू निघाली, तर बाकीचं उत्तरही बाजूला ठेवा.

## ‘वस्तू आपलीच, मग फोटोला परवानगी कशाची?’

राग समजण्यासारखा आहे, पण वस्तूवरचा हक्क वेगळा आणि फोटोवरचा वेगळा. मेट्रोपॉलिटननं २०१७ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयानं २०१९ मध्ये हजारो फोटो पूर्ण मोकळे केले. ज्या नोंदीवर ‘ओपन ॲक्सेस’ किंवा ‘सीसी झिरो’ लिहिलंय तो फोटो छापा, विका, कुणाला विचारायला नको. ब्रिटिश म्युझियमच्या फोटोंवर अटी आहेत: नाव द्यायचं, कमाईसाठी वापरायचा नाही, बदलून पुढे दिला तर त्याच अटींवर द्यायचा. शाळेचा प्रोजेक्ट चालतो. विकत मिळणाऱ्या, जाहिराती घेणाऱ्या दिवाळी अंकात छापायचा तर आधी परवानगी काढावी.

## ‘आणि साइटच बंद पडली तर?’

पडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ बघता येईनाशी झाली. आपल्या जवळचा मांडूचा निमतनामाही याच लायब्ररीचा. साधारण १५०० च्या सुमाराचं, सुलतान घियासशाहच्या मुदपाकखान्याचं ते सचित्र पुस्तक, आणि त्यात समोशांच्या कृतीही आहेत. छप्पन दुकानसारखी खाऊगल्ली असलेल्या गावानं एवढं तरी माहीत ठेवायला हवं.

म्हणून नुसता वेबपत्ता जपून भागत नाही. पत्ता बदलतो, दाखल क्रमांक सहसा टिकतो. वहीत संग्रहालयाचं नाव, क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहा, नोंदीचं पान पीडीएफ करून ठेवा, आणि पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून तिथेही एक प्रत साठवा. दोन मिनिटांचं काम आहे.

## ‘सगळं घरी दिसत असेल, तर म्युझियमला जायचं कशाला?’

कारण सगळं घरी दिसत नाही. ए. बी. रोडवर, जीपीओजवळच्या आपल्या इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात मंदसौर जिल्ह्यातल्या हिंगलाजगढची परमारकालीन शिल्पं आहेत. धारची मूर्ती ज्या काळातली, त्याच राजवटीतली ही कला. नोंदीतल्या फोटोत समोरची बाजू असते. शिल्पाची कड, पाठ, तुटलेल्या हाताचा दगड, छिन्नीच्या खुणा या गोष्टी बाजूला जाऊन, थोडं वाकूनच बघाव्या लागतात. जाताना एक टेप आणि वही न्या. फोटोचे नियम तिकिटाच्या खिडकीवरच विचारा. घरून लंडनच्या अंबिकेचा फोटो फोनमध्ये घेऊन जा आणि हिंगलाजगढच्या एखाद्या देवीशेजारी उभं राहून तिचा मुकुट, गळ्यातले हार, कमरेची मेखला एकेक करून ताडून बघा. दुपारी गर्दी कमी असते.